गायगर काउंटर, फिल्म बॅज आणि गळकी नळी: कामाच्या नोंदी

नाशिकरोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. अकरावीच्या दोन मुलांना बरोबर घेऊन जून ते सप्टेंबर केलेल्या कामाची ही वही आहे. मुलांची नावं देत नाही. एक जण निफाडचा, दुसरी पंचवटीची, त्याच नावाने लिहिते. माझे मामा मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) अणुसंशोधन केंद्रात हेल्थ फिजिक्स विभागात, म्हणजे किरणोत्सारापासून कामगारांना जपण्याचं काम बघणाऱ्या विभागात, नोकरीला होते. निवृत्तीनंतर ते इथे इंदिरानगरला राहतात. त्यांनी वेळोवेळी अडवलं नसतं तर निम्म्या चुका आमच्या लक्षातही आल्या नसत्या.

९ जून

विज्ञान प्रदर्शनासाठी तुर्भ्याच्या अप्सरा अणुभट्टीचं थर्माकोलचं मॉडेल करायचं, असं आधी ठरलं होतं. अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचारला सुरू झाली. ती पाण्याच्या हौदातली भट्टी. युरेनियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं तिचं इंधन ब्रिटनमधून आलं होतं. १९६० साली तिथेच सायरस ही भट्टी सुरू झाली, तेव्हा पहिल्या इंधनातलं निम्म्याच्या आसपास तुर्भ्यातच बनलेलं होतं. एवढं फळ्यावर लिहून झालं आणि निफाडच्याने विचारलं, “मॅडम, पहिल्यांदाच बनवलेलं इंधन गळायला लागलं तर त्यांना कळायचं कसं?”

थर्माकोल तिथेच बाजूला पडला. या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या तीन वस्तू करायच्या ठरवल्या: किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर, अंगावर लावायचा फिल्म बॅज आणि गळणाऱ्या इंधननळीची नक्कल. खरा किरणोत्सारी स्रोत कुठलाच आणायचा नाही, हे पहिल्या दिवशीच सांगून टाकलं.

१५ जून

खरेदी. सोव्हिएत बनावटीची एसबीएम-२० ही गायगर ट्यूब ऑनलाइन मागवली होती, ३,४०० रुपये. ४०० व्होल्ट देणारं तयार मॉड्यूल ८५० रुपये. ठोके मोजायला आर्दुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, ३५० रुपये. बाकीचे रेझिस्टर, तारा, डबी एमजी रोडवर मिळाल्या, २१० रुपये.

ट्यूब हातात घेतली की पेनाएवढी, दहा-अकरा सेंटिमीटर लांब, धातूची. आत वायू आणि मधोमध एक तार. एक कण आत शिरला की एक ठोका. किरणोत्साराच्या तीन प्रकारांपैकी अल्फा कण तिच्या भिंतीतून आत जात नाहीत. बीटा आणि गॅमा जातात.

२३ जून

ट्यूब गेली.

चूक माझी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मॉड्यूलचा स्क्रू फिरवून ४०० व्होल्ट लावायचे होते. साधा मल्टिमीटर टोकांना लावला तर १८० दिसले. स्क्रू फिरवत गेले, मीटरवर ४०० आले, मीटर काढून ट्यूब जोडली. टकटक ऐवजी एकसलग करकर सुरू झाली. मुलांना वाटलं किरणोत्सार खूप आहे. ट्यूब गरम लागेपर्यंत आम्ही ऐकत बसलो.

संध्याकाळी मामांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न: “मीटरचा रेझिस्टन्स किती?” आमच्या मीटरचा १० मेगाओहम. एवढ्याशा मॉड्यूलला तोच बोजा झाला आणि व्होल्टेज खाली बसलं. मीटर जोडलेला असताना ४०० दिसत होते. मीटर काढल्यावर प्रत्यक्षात सहाशेच्या वर गेले असणार. ट्यूब तेवढ्यात सतत पेटती राहिली आणि आतला वायू खराब झाला.

उपाय असा: १०० मेगाओहमचे दहा रेझिस्टर एकामागे एक जोडायचे आणि शेवटी मीटर. मग मीटरवर दिसतो तो खऱ्या व्होल्टेजचा एकशे एकावा भाग. ३.९६ दिसले की ४०० आहेत. हे रेझिस्टर नाशिकमध्ये चार दुकानं फिरून मिळाले नाहीत. मुंबईहून एका ओळखीच्या माणसाबरोबर आणवले, २४० रुपये. दुसरी ट्यूब पुन्हा ३,४००. हे काम करणाऱ्यांनी ट्यूबच्या आधी हे दहा रेझिस्टर घ्यावेत.

१४ जुलै

दुसरी ट्यूब यायला एकोणीस दिवस लागले. जोडली, व्होल्टेज नव्या पद्धतीने लावलं. ठोके नीट, विखुरलेले. मुलांना पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. पंचवटीची डोळे मिटून बराच वेळ मोजत बसली होती.

१७ जुलै

तीन दिवस पाऊस आणि आकडे वेडेवाकडे. सकाळी मिनिटाला १८, दुपारी ५, संध्याकाळी ९०. बोर्डावर बोट फिरवलं तर चिकट लागलं. सोल्डर करताना राहिलेला फ्लक्स हवेतली ओल धरत होता आणि ४०० व्होल्ट त्या ओलीवरून पाझरत होते. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड दोनदा घासलं, हेअर ड्रायरने वाळवलं आणि व्होल्टेजच्या भागावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले. पाझर थांबला.

तरी मध्येच एकदम तीस-चाळीस ठोके यायचे. कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. शेजारच्या घरातला मिक्सर. सगळा संच बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातला, डबा सर्किटच्या ऋण टोकाला जोडला. नंतर मुद्दाम मिक्सर लावून पाहिला, काही फरक नाही. ट्यूबसमोर डब्याला खिडकी कापली आहे.

२१ जुलै

आज दिवसभर फक्त मोजणी.

आधी व्होल्टेज तपासलं. ३२० पासून २० च्या टप्प्याने ४८० पर्यंत, प्रत्येक टप्प्याला दहा मिनिटं. समोर खताची पिशवी. द्राक्षबागायतदार वापरतात ते ०:०:५०, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, कृषी सेवा केंद्रातून किलोचं पाकीट १४० रुपयांना. नैसर्गिक पोटॅशियममध्ये थोडा भाग पोटॅशियम-४० असतो, ०.०११७ टक्के, आणि तो किरणोत्सारी आहे. या खताच्या एका ग्रॅममध्ये सेकंदाला साधारण १३ अणू फुटतात. हे खत शेतकरी रोज हाताळतात, घाबरण्यासारखं त्यात काही नाही, आणि आमच्या कामाला यापेक्षा चांगला स्रोत नाही. ३६० ते ४४० व्होल्टपर्यंत ठोके जवळजवळ सारखे राहिले. मधला ४०० कायम केला.

मग पिशवी दुसऱ्या खोलीत नेली आणि रिकामं टेबल एक तास मोजलं: १०८४ ठोके. दुसरा तास: १०६९. म्हणजे मिनिटाला १८. पिशवी खिडकीला चिकटवून ठेवली की मिनिटाला ४१.

मामांनी वहीत पाहिलं आणि म्हणाले, हा रिकाम्या टेबलाचा आकडा रोज सकाळी घ्यायचा, काही मोजायचं असो वा नसो. निफाडच्याला ते कंटाळवाणं वाटलं. पंचवटीचीने त्याला समजावलं ते मला आवडलं: “अरे, आमच्याकडे पूर आला की लोक नदीतला दुतोंड्या मारुती बघतात. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. मारुतीच नसता तर नुसतं पाणी बघून काय सांगणार होतास?” वहीत त्या स्तंभाला मुलांनी तेव्हापासून ‘मारुती’च म्हटलं आहे. पुढे मीही तोच शब्द वापरते.

जागा बदलली की मारुती बदलतो, हेही आजच कळलं. माझ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर मिनिटाला २२. वाड्याच्या काळ्या दगडी भिंतीला टेकवून १६. आपला बेसाल्ट युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब आहे, ग्रॅनाइटमध्ये ते जास्त असतं.

२८ जुलै

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

निफाडच्याच्या काकांनी मे महिन्यात उन्हाळ कांद्याचा काही माल लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रातून प्रक्रिया करून आणला होता. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून कांदा जातो, ६० ते ९० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) इतकी मात्रा, म्हणजे साठवणीत कोंब फुटत नाहीत. मुलगा कांदाचाळीतून आठ कांदे घेऊन आला आणि मी वर्गात असताना दोघांनी एकेक कांदा एकेक मिनिट मोजला. मी आले तेव्हा दोघंही पांढरे पडले होते. सहावा कांदा: २७ ठोके. “मॅडम, कांदा रेडिओॲक्टिव्ह झालाय. घरी सगळे हाच खातायत.”

मी लगेच उत्तर दिलं नाही. मलाही क्षणभर आकडा बघून धस्स झालं. मामांना बोलावून घेतलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “किती वेळ मोजलंत?”

एक मिनिट. १८ ठोक्यांच्या मोजणीत चारेक ठोक्यांची चढउतार ही आपसूकच असते, संख्येच्या वर्गमुळाइतकी. आठ वेळा एकेक मिनिट मोजलं की त्यातला एखादा आकडा २७ निघणं अजिबात विशेष नाही. मामांनी मुलांना कांदा बाजूला ठेवून रिकामं टेबल एकेक मिनिट वीस वेळा मोजायला लावलं. त्यात एकदा २८ आला आणि एकदा ११.

मग तोच सहावा कांदा एक तास: १०९१. प्रक्रिया न केलेला कांदा एक तास: ११०४. रिकामं टेबल: १०७८. तिन्ही आकडे तीसेकच्या चढउतारात बसतात, फरक नाही. गॅमा किरण कांद्यातून जातात, कोंबाच्या पेशींची वाढ थांबवतात आणि निघून जातात. कोबाल्ट त्याच्या कोठडीत राहतं, कांद्याला लागत नाही.

मुलगा घरी गेला आणि काकांना वहीतले आकडे दाखवून आला. मी त्याला सांगितलं होतं की २७ चा आकडाही दाखव, खोडू नकोस. इथून पुढे वहीत मोजणीचा वेळ लिहिल्याशिवाय एकही आकडा लिहायचा नाही, असा नियम केला.

४ ऑगस्ट

अप्सरेचा दिवस म्हणून फिल्म बॅजचं काम आज सुरू केलं.

२ डिसेंबर १९४२ ला शिकागोत पहिली अणुभट्टी चालली, त्याच प्रकल्पात अर्नेस्ट वोलन यांनी फिल्म बॅज घडवला. फिल्मच्या तुकड्यावर धातूच्या वेगवेगळ्या पट्ट्या, फिल्म किती आणि कुठे काळी पडली यावरून कुठले किरण किती लागले ते काढायचं. मामांनी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत फिल्म बॅजच लावला. आपल्याकडे १९७५ पासून टीएलडी बॅज आले, डिस्प्रोसियम घातलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्यांचे. तापवल्यावर त्या साठवलेल्या मात्रेइतका उजेड देतात.

आम्ही दातांच्या एक्स-रेची फिल्म वापरली. ओळखीच्या डेंटिस्टने सहा पाकिटं तशीच दिली, कारण त्यांच्याकडे आता सगळं डिजिटल आहे. स्रोत म्हणून पेट्रोमॅक्सची मँटल, म्हणजे दिव्यातली जाळी. नवीन आणलेल्या तिन्ही मँटल काउंटरला दाखवल्या, १८ च्या १८. जुन्या मँटलमध्ये असायचं ते किरणोत्सारी थोरियम हल्ली पुष्कळ मँटलमध्ये नसतंच. रविवार कारंज्याजवळच्या एका जुन्या दुकानात मागच्या फळीवर पडलेली दोन मिळाली. त्यातली एक लावताच दीडशेच्या घरात. मँटल पाकिटातून काढायची नाही, पेटवायची नाही, कुस्करायची नाही. तिची धूळ श्वासातून जाता कामा नये. पाकिटासकट झिपच्या पिशवीत घालून पिशवी बंद केली.

पुठ्ठ्याचा बॅज केला: एक कोपरा उघडा, एकावर ॲल्युमिनियम, एकावर तांब्याची पट्टी, एकावर शिसं. कपाटात एकवीस दिवस. दुसरी फिल्म घराच्या दुसऱ्या टोकाला, नुसती. ती फिल्मची मारुती.

११ ऑगस्ट

चार कोरडे दिवस गेले आणि दुपारी जोराची सर आली. काउंटर गच्चीच्या दारात चालू होता. मिनिटाला १८ वरून २६, २९, ३१. मी वैतागून परत नेलपॉलिशची बाटली काढली. ओलीनेच पुन्हा घात केला असं धरूनच चालले होते.

पंचवटीची म्हणाली, आधी मारुती बघू. डबा आतल्या खोलीत नेला: दहा मिनिटांत १८३ ठोके. सर्किट ठीक होतं. मग गाडीच्या बॉनेटवरचं पावसाचं पाणी एका कागदी रुमालाने पुसलं, रुमाल पिशवीत घालून खिडकीला लावला. पाच-पाच मिनिटांची सरासरी: सुरुवातीला ५७, अर्ध्या तासाने ३८, एका तासाने २७, दोन तासांनी २०. मारुती वजा केला तर ३९, २०, ९, २. दर अर्ध्या तासाला निम्मं.

जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूपासून हवेत शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ तयार होतात, त्यांचं अर्धायुष्य २७ आणि २० मिनिटं. पाऊस ते धुऊन खाली आणतो. हे नेहमीच पडतं, पावसात भिजणाऱ्या प्रत्येकावर पडतं. पण मला त्या दुपारी खरा ठोका आणि बिघाड यांतला फरक रुमालाच्या चार आकड्यांनी दाखवला. तो आलेखाचा कागद मी जपून ठेवला आहे.

१८ ऑगस्ट

गळकी नळी. सातपूरच्या एका वर्कशॉपमधून बारा मिलिमीटरची ॲल्युमिनियमची नळी, दहा सेंटिमीटरचे सहा तुकडे कापून, १८० रुपये. आत युरेनियमऐवजी ०:०:५० भरायचं. टोकं एम-सीलने बंद करायची. ठरवलं असं की पाच नळ्या धडधाकट, सहावीला मुद्दाम तीन भोकं, आणि कुठली गळते ते बघणाऱ्याने पाणी मोजून ओळखायचं.

मामा म्हणाले, भरण्याआधी उकळून बघा. रिकाम्या नळ्या बंद करून गरम पाण्याच्या पातेल्यात सोडल्या. पाचातल्या तीन धडधाकट नळ्यांच्या टोकांतून बारीक बुडबुड्यांची माळ वर यायला लागली. कापताना लागलेलं तेल आम्ही पुसलंच नव्हतं. एम-सील तेलावर बसलं होतं, धातूवर नाही.

अमेरिकेतल्या हॅनफर्डची भट्टी १९४४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली, पण त्याआधी कित्येक महिने तिथल्या लोकांची झोप ॲल्युमिनियमच्या डब्यात युरेनियम हवाबंद करण्यानेच उडवली होती. पाणी आत गेलं की युरेनियम गंजतं, फुगतं, डबा फाटतो आणि विखंडनाचे तुकडे थंड करणाऱ्या पाण्यात येतात. त्यांनीही बंद डबे गरम वाफेत ठेवून तपासले. हे मी वर्गात अनेकदा सांगितलं होतं. पातेल्यातले बुडबुडे बघताना त्या कामाचं वजन पहिल्यांदा कळलं. तुर्भ्यात ३० जानेवारी १९५९ ला अणुभट्टीच्या शुद्धतेच्या युरेनियमचा पहिला गोळा हाती आला आणि पुढच्याच वर्षी सायरस चालली. मधल्या काळात बसवलेल्या प्रत्येक टोकाची तपासणी कुणीतरी डोळ्यात तेल घालून केली असणार.

टोकं आतून सँडपेपरने घासली, अल्कोहोलने पुसली, पुन्हा एम-सील, चोवीस तास वाळवलं. आता एकही बुडबुडा नाही. दीड दिवस गेला.

२५ ऑगस्ट

फिल्म धुतली. न्हाणीघरात लाल दिवा, डेव्हलपर आणि फिक्सर डेंटिस्टकडचेच. फिल्म जवळजवळ कोरी, आणि तिच्यावर माशाच्या काट्यासारखी नक्षी. दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ बघितली, कळेना. डेंटिस्टना दाखवली तर त्यांनी बघताक्षणी सांगितलं: उलटी ठेवलीत. पाकिटाच्या मागच्या बाजूला शिशाचा पातळ वर्ख असतो आणि त्यावर ही नक्षी उठवलेली असते, म्हणजे उलट्या बाजूने काढलेला एक्स-रे लगेच ओळखू यावा. आमचे बीटा कण शिशातच अडकले.

एकवीस दिवस गेले. पांढरी गुळगुळीत बाजू मँटलकडे करून आजच पुन्हा ठेवली.

१ सप्टेंबर

नळ्या भरून सहा डब्यांत, प्रत्येकी दोन लिटर नळाच्या पाण्यात चार दिवस ठेवल्या होत्या. पाणी स्टीलच्या ताटात आटवलं. पहिलं ताट मोठ्या आचेवर ठेवलं, शेवटी क्षार तडतडून बाहेर उडाले, ते मोजण्यातून बाद. मंद आचेवर एका ताटाला तीन तास लागतात. सिलिंडर नेहमीपेक्षा आठवडाभर आधी संपला, हाही खर्चात धरा.

एकेक तासाची मोजणी. नुसतं नळाचं पाणी आटवलेलं ताट: १०९६. मग चार ताटं: १०७३, ११०८, १०८८, १०९०. आणि पाचवं: १३५२. अडीचशेहून जास्त फरक, चढउतार पन्नासच्या आतला. मुलांना मी सांगितलं नव्हतं कुठल्या डब्यात भोकाची नळी आहे. त्यांनी त्या ताटाचा डबा, नंबर चार, उचलला. बरोबर होता.

निफाडच्याने त्याच्या जूनमधल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच काढून दाखवलं. भट्टीत ताट आटवत बसत नाहीत, गाभ्यातून येणाऱ्या पाण्यावर सतत पाळत असते. पण विचारायचं तेच: आज पाण्यात नेहमीपेक्षा जास्त काही आहे का.

१५ सप्टेंबर

दुसरी फिल्म. उघडा कोपरा काळा, त्यात मँटलच्या जाळीचे धागे ओळखू येतील इतके स्पष्ट. ॲल्युमिनियमखाली राखाडी, तांब्याखाली फिकट, शिशाखाली जेमतेम. घराच्या दुसऱ्या टोकाची फिल्म स्वच्छ. मामांनी ती ओली फिल्म क्लिपला धरून खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलांना एकेक कोपरा दाखवत, कुठला कोपरा काय सांगतो ते समजावलं. किरणोत्सारात काम करणाऱ्या कामगारासाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेल्या मात्रेचं एकक) ही मर्यादा आज आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तो आकडा शेवटी अशाच कुठल्या तरी बॅजवरून येतो, असं ते म्हणाले.

एकूण खर्च ९,२०० रुपयांच्या आसपास. त्यातले ३,४०० माझ्या चुकीचे.

२२ सप्टेंबर

निफाडहून जुलैत आणलेले कांदे प्रयोगशाळेच्या खिडकीत टोपलीत होते. प्रक्रिया न केलेल्या चारपैकी तिघांना हिरवे कोंब फुटले आहेत, एक बोटभर लांब. लासलगावच्या आठांपैकी एकालाही नाही.

दोन्ही प्रकारचा एकेक कांदा पुन्हा मोजला, प्रत्येकी एक तास. कोंबाचा: १०९५. बिनकोंबाचा: १०८७. आजचा मारुती: १०८२.